घडीव पातें आणि होतकरू खेळाडू

मुंबईहून पनवेलकडे निघालें म्हणजे खाडी ओलांडल्यावर थोड्याच वेळांत डाव्या हाताला डोंगरांची एक रांग दिसूं लागते. तिच्या पायथ्याशीं खारघर आहे, आणि त्याच्या पलीकडे तळोजा. तळोज्याचें नांव निघालें कीं आज डोळ्यांपुढें कारखाने उभे राहतात. कसाडी नदीच्या आसपास पसरलेल्या त्या औद्योगिक वसाहतींत रसायनें तयार होतात, तसेच धातुहि वितळविले, लाटले आणि घडविले जातात. एके काळीं हा सारा मुलूख भाताच्या खाचरांचा होता. पनवेल तालुका तेव्हां कुलाबा जिल्ह्यांत मोडत असे; त्या जिल्ह्याला रायगड हें नांव १९८१ सालीं मिळालें. त्याच्या अकरा वर्षें आधीं, १९७० सालीं, सिडको ही संस्था स्थापन होऊन नव्या मुंबईची उभारणी सुरू झाली आणि पाहतां पाहतां खाचरांच्या जागीं इमारती आल्या. ह्याच सिडकोनें चालू शतकांत खारघरच्या दरींत गोल्फचें एक विस्तीर्ण मैदान तयार केलें. १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर अशी मेट्रो धावूं लागली, आणि तळोज्याच्या वेशीपासून खारघरला येणें हा कांहीं मिनिटांचा प्रवास झाला.

ह्या शेजारांत इतिहासाच्या दृष्टीनें एक मौज आहे. लोखंड ठोकून घडविणें आणि लोखंड वितळवून सांच्यांत ओतणें ह्या दोन्ही रीति ज्या वस्तींतल्या माणसांना परिचयाच्या आहेत, तिच्या शेजारच्या मैदानावर नेमका त्याच दोन रीतींचा वाद चालतो. हातांतली काठी घडीव पात्याची असावी, कीं ओतीव आणि पोकळ पाठीची असावी, असा तो वाद आहे. तिशी उलटल्यावर ह्या खेळाचा नाद लागलेला एखादा गृहस्थ घ्यावा. आरंभीं त्याला चेंडू हवेंत उडवितां येत नव्हता. दोन-तीन वर्षांच्या सरावानें आतां चेंडू बऱ्यापैकीं सरळ जाऊं लागला आहे. अशा वेळीं त्याच्या मनांत येतें, कीं नवशिक्याच्या काठ्या टाकून द्याव्या आणि जाणत्यांच्या काठ्या घ्याव्या. एक मित्र सांगतो, "ब्लेड घे, म्हणजे खेळ आपोआप सुधारेल." दुसरा बजावतो, "त्या वाटेला जाऊं नकोस, पस्तावशील." दोघेहि सारख्याच अधिकारवाणीनें बोलतात. मग बिचाऱ्या होतकरू खेळाडूनें करावें तरी काय? ह्या प्रश्नाचें बरेंचसें उत्तर दुकानांत मिळत नाहीं. तें त्या काठीच्या इतिहासांत मिळतें.

ज्या श्रोत्यांनीं हा खेळ पाहिला नसेल, त्यांच्यासाठीं प्रथम थोडा खुलासा केला पाहिजे. गोल्फच्या मैदानावर सहसा अठरा ठिकाणीं लहान खळगे असतात. दूरच्या ठराविक जागेवरून चेंडू टोलवीत टोलवीत त्या खळग्यांत घालावयाचा आणि तो शक्य तितक्या कमी टोल्यांत घालावयाचा, एवढाच ह्या खेळाचा सारांश. अंतर वेगवेगळें असतें, म्हणून काठ्याहि वेगवेगळ्या लागतात. लांबच्या पहिल्या टोल्याच्या काठ्यांचें डोकें पूर्वीं लांकडाचें असे. त्याखेरीज लोखंडी पात्यांच्या ज्या काठ्या असतात त्यांना 'आयर्न' म्हणतात. त्यांना क्रमांक असतात. क्रमांक जसजसा वाढत जातो तसतसा दांडा आंखूड होतो आणि पात्याचें मुख अधिक मागें कललेलें असतें. त्यामुळें चेंडू अधिक उंच उडतो आणि जवळ पडतो. ह्या आयर्नचा जो जुना प्रकार, त्यालाच 'ब्लेड' असें म्हणतात. पातळ, लहानसें, कोरीव दिसणारें, भरीव पाठीचें, वरची कड बारीक आणि तळ अरुंद, असें तें पातें असतें. चेंडूमागें उभें राहून वरून पाहिलें तर विळ्याच्या धारेची आठवण व्हावी. उलट, नव्या प्रकारच्या आयर्नची पाठ कोरून पोकळ केलेली असते, आणि तेथून काढलेलें वजन कडेकडेनें भरलेलें असतें.

आतां इतिहासाकडे वळूं. हा खेळ स्कॉटलंडांतला. तेथील लोकांना त्याचें इतकें वेड होतें, कीं १४५७ सालीं तेथल्या पार्लमेंटनें गोल्फ आणि फुटबॉल ह्या दोन्ही खेळांना बंदी केली. तरुणांनीं धनुर्विद्येचा सराव सोडून मैदानावर वेळ दवडूं नये, हा त्यांतला हेतु. परंतु त्या काळीं आणि त्यानंतरहि कित्येक पिढ्या ह्या खेळांत लोखंडाला फारसें स्थान नव्हतें. ह्याचें कारण चेंडूंत होतें. चामड्याच्या लहानशा पिशवींत उकडलेलीं पिसें ठांसून भरावयाचीं आणि ती शिवून टाकावयाची, असा तो चेंडू. कुशल कारागिरालाहि दिवसाकाठीं तीन-चारच चेंडू साधत, त्यामुळें चेंडू महाग असे. त्यावर लोखंडाचा एक चुकार घाव बसला कीं शिवण उसवून पिसें बाहेर! म्हणून खेळाडू लांकडी काठ्याच वापरीत, आणि लोखंडाची काठी चेंडू अडचणींत सांपडला तरच बाहेर काढीत. गाडीच्या चाकोरींत गेलेला चेंडू बाहेर काढण्यासाठीं तर अगदीं लहान डोक्याचें एक खास आयर्न असे. लोखंड हें त्या काळीं संकटसमयींचें हत्यार होतें, मानाचें नव्हे.

१८४८ च्या सुमारास हें सारें पालटलें. मलाया द्वीपकल्पांतील एका झाडाच्या चिकापासून मिळणारा गटापर्चा नांवाचा पदार्थ युरोपांत आला होता. तो गरम केला कीं मऊ होतो, निवला कीं घट्ट होतो. १८७० सालीं मुंबईपर्यंत समुद्राच्या तळांतून जी तार आली, तिच्यावरचें आवरण ह्याच गटापर्च्याचें होतें. त्याचाच गोळा वळून गोल्फचा चेंडू होऊं लागला. तो स्वस्त होता, टिकाऊ होता, आणि लोखंडाच्या घावानें फुटत नसे. उलट, घावांनीं खरबडलेला चेंडू गुळगुळीत चेंडूपेक्षां अधिक नीट उडतो, असेंच लोकांच्या ध्यानांत आलें. सेंट अँड्र्यूज येथील अ‍ॅलन रॉबर्टसन हा पिसांचे चेंडू करणारा नामांकित कारागीर आणि त्या काळचा अग्रगण्य खेळाडू. आरंभीं त्यानें ह्या नव्या चेंडूला कसून विरोध केला, आणि त्यावरून त्याचा आपला सहकारी टॉम मॉरिस ह्याच्याशीं बिनसलें. परंतु स्वस्त चेंडू थांबणार कोण? पिसांचा चेंडू गेला, आणि लोखंडाचें दार सताड उघडलें.

ह्यापुढें काम लोहाराचें झालें. ऐरणीवर तापलेला लोखंडाचा तुकडा ठोकून पातें घडवावयाचें, त्याला दांडा बसविण्यासाठीं नळी काढावयाची, आणि मुख घासून सपाट करावयाचें, अशी ही कृति होती. असे लोहार स्कॉटलंडांत गांवोगांव नांवारूपाला आले. प्रत्येकजण आपल्या पात्यावर आपली खूण उठवी. टॉम स्ट्युअर्टची खूण तंबाखूच्या नळीची, गिब्सनची ताऱ्याची, निकोलची हाताच्या पंज्याची. आपल्याकडे जसा विळा कोणत्या लोहाराचा तें शेतकरी पाहतांक्षणीं ओळखतो, तसा तेथें खेळाडू पात्यावरून घडविणारा ओळखीत असे. पात्यांना क्रमांक नव्हते, नांवें होतीं: क्लीक, मिड-आयर्न, मशी, निब्लिक. दांडे हिकरी नांवाच्या अमेरिकन लांकडाचे असत. प्रत्येक दांडा कमी-अधिक लवणारा, प्रत्येक पातें कमी-अधिक वजनाचें. म्हणून खेळाडू एक एक काठी हातांत तोलून, हवेंत फिरवून, पारखून घेई. संच विकत घेणें ही कल्पनाच नव्हती. काठ्यांचा मेळ दुकानदारानें घालावयाचा नसून तो खेळाडूच्या हातानें घालावयाचा असे.

ह्याच सुमारास हा खेळ हिंदुस्थानांतहि रुजला होता. कलकत्त्याचा क्लब १८२९ सालचा. ब्रिटिश बेटांच्या बाहेर इतका जुना क्लब दुसरा नाहीं, असें सांगतात. मुंबईचा त्यानंतर तेरा वर्षांनीं, १८४२ सालीं निघाला. येथें खेळणारे लोक म्हणजे पलटणींतले अधिकारी, व्यापारी पेढ्यांचे गोरे साहेब, सरकारी नोकर. हिंदी माणूस त्या मैदानावर दिसे तो बहुधा थैली वाहणारा कॅडी म्हणून किंवा गवत कापणारा माळी म्हणून. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ च्या सुमारास, गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन ह्यांच्या पुढाकारानें मुंबईत जो विलिंग्डन क्लब निघाला, तो हिंदी आणि युरोपियन अशा दोघांनाहि खुला ठेवला गेला. १९२७ सालीं चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब स्थापन झाला. खारघरच्या मैदानाचे हे मुंबईकडील पूर्वज होत.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत ठेविली पाहिजे, कारण पुढचा सारा निर्णय तिच्यावर अवलंबून आहे. कलकत्त्याचा ताग-व्यापारी घ्या, पुण्याच्या छावणींतला कॅप्टन घ्या, किंवा स्कॉटलंडांतला विणकर घ्या. ह्या सर्वांच्या हातांत जें लोखंड होतें, तें आज ज्याला ब्लेड म्हणतात तेंच. त्यांतले बहुतेक अगदीं सामान्य खेळाडू होते. कित्येकांचे टोले आजच्या नवशिक्याला शोभतील असे असत. त्यांनीं ब्लेड वापरलें तें निपुण होते म्हणून नव्हे; दुसरें कांहीं मिळतच नव्हतें म्हणून. ब्लेड ही त्या काळीं निपुणांची खूण नव्हती. ती सर्वांचीच काठी होती.

विसाव्या शतकांत काठीचें रूप झपाट्यानें बदललें. शतकाच्या आरंभींच रबरी धागा गुंडाळून केलेला हॅस्केल नांवाच्या अमेरिकन माणसाचा चेंडू आला आणि गटापर्च्याचे दिवस सरले. हिकरीच्या दांड्याची जागा पोलादी नळीनें घेतली. अमेरिकेंतल्या नियामक मंडळानें तिला १९२४ सालीं मान्यता दिली, आणि सेंट अँड्र्यूजच्या मंडळानें १९२९ सालीं. पोलादी दांडा यंत्रावर हवा तसा एकसारखा करतां येतो. मग सर्व काठ्या एकमेकींशीं जुळणाऱ्या अशा करून त्यांचा संच विकणें शक्य झालें. मशी आणि निब्लिक हीं नांवें जाऊन दोन, तीन, चार असे आंकडे आले. बॉबी जोन्स ह्या अमेरिकन हौशी खेळाडूनें १९३० सालीं एकाच वर्षांत ब्रिटन आणि अमेरिका ह्या दोन्ही देशांच्या खुल्या व हौशी अशा चारहि स्पर्धा जिंकल्या आणि स्पर्धांतून निवृत्ति घेतली. त्यानंतर १९३२ सालीं त्याच्या नांवाचे आयर्नचे संच स्पॉल्डिंग कंपनीनें बाजारांत आणले. विक्रीची ही नवी रीति इतकी फोफावली, कीं लोक वीस-वीस, पंचवीस-पंचवीस काठ्या थैलींत भरूं लागले. शेवटीं अमेरिकेंत १९३८ सालीं आणि ब्रिटनमध्यें १९३९ सालीं चौदांपेक्षां अधिक काठ्या बाळगूं नयेत असा नियम झाला. तो आजहि चालू आहे. एवढें सारें झालें तरी पात्याचा मूळ आकार बदलला नव्हता. १९६५ सालीं पी. जी. सेठी ह्या हौशी खेळाडूनें इंडियन ओपन ही स्पर्धा धंदेवाईक खेळाडूंना मागें टाकून जिंकली. ती स्पर्धा त्याच्या आदल्याच वर्षीं सुरू झाली होती, आणि ती जिंकणारे ते पहिले भारतीय. त्या वेळींहि पोकळ पाठीचें आयर्न जगांत जवळजवळ कोणाच्याच थैलींत शिरलें नव्हतें.

पात्याचा आकार बदलला तो एका इंजिनियरानें. कार्स्टन सोलहाइम हा १९११ सालीं नॉर्वेंतील बर्गन येथें जन्मलेला, चांभारकाम करणाऱ्या बापाचा मुलगा. लहानपणींच तो आईबापांबरोबर अमेरिकेस गेला आणि पुढें जनरल इलेक्ट्रिक कंपनींत इंजिनियर झाला. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षापर्यंत त्यानें गोल्फची काठी हातांत धरली नव्हती. सहकाऱ्यांनीं आग्रह केला म्हणून तो मैदानावर गेला, आणि हिरवळीवरचे जवळचे टोले त्याला कांहीं केल्या साधेनात. दुसरा कोणी असता तर त्यानें आपल्या नशिबाला दोष दिला असता. ह्यानें काठीचें गणित मांडलें. पात्याच्या मध्याजवळचें वजन काढून तें दोन टोंकांना नेलें, तर चेंडू मध्यावर न लागला तरी पातें हातांत फिरणार नाहीं, असा त्याचा तर्क होता. १९५९ सालीं त्यानें ह्या तत्त्वावर हिरवळीवरची काठी केली. तिचा चेंडूवर जो आवाज येई, त्यावरून तिचें नांव 'पिंग' पडलें. पुढें हेंच तत्त्व त्यानें आयर्नना लाविलें, आणि १९६९ सालीं ओतीव, पोकळ पाठीचीं आयर्न बाजारांत आणलीं. १९८० नंतरच्या दशकांत त्याच्या कंपनीचें 'आय टू' हें आयर्न जगभर फार मोठ्या प्रमाणावर खपलें.

त्याचें तत्त्व समजण्यास इंजिनियर असण्याची जरुरी नाहीं. दोन भरलेल्या घागरी एकावर एक डोक्यावर घेतलेली बाई चटकन् मागें वळूं शकते. त्याच दोन घागरी कावडीच्या दोन टोंकांना बांधून खांद्यावर घेतल्या, तर वळतांना जड जातें. वजन तितकेंच, पण मध्यापासून जितकें दूर, तितका त्याचा फिरण्याला विरोध अधिक, आणि हा विरोध अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ब्लेड म्हणजे डोक्यावरच्या घागरी. चेंडू मध्यावर लागला तर सारें वजन त्याच्या मागें उभें राहतें. टोंकाकडे लागला तर पातें वळतें, जोर वायां जातो, चेंडू आंखूड आणि वांकडा पडतो. पोकळ पाठीचें आयर्न म्हणजे कावड. चुकीच्या जागीं लागलेल्या चेंडूलाहि तें बरेंच सांभाळून घेतें.

असा आकार ऐरणीवर ठोकून साधणें कठीण. तो ओतून सहज साधतो. ह्यासाठीं जी रीति वापरली गेली, ती भारताला परकी नाहीं. मेणाचा नमुना करावयाचा, त्यावर मातीचें किंवा तशाच पदार्थाचें कवच चढवावयाचें, तापवून मेण वाहून जाऊं द्यावयाचें आणि मोकळ्या जागेंत धातु ओतावयाचा. मोहेंजोदडोची कांशाची नर्तिका ह्याच रीतीनें झालेली आहे. प्रवरेच्या कांठच्या दायमाबादला १९७४ सालीं सांपडलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा हे भरीव ओतीव पुतळे महाराष्ट्रांतल्या धातुकारांचें ह्या विद्येंतलें प्रावीण्य दाखवितात. म्हणजे नव्या काठीची रीति जुन्या काठीच्या रीतीपेक्षां कमी प्रतिष्ठित आहे असें मानण्याला इतिहासाचा कांहींच आधार नाहीं. लोहाराची विद्या थोर, तशी ओतकाराचीहि थोर. शिवाय, आज पोकळ पाठीचीं कित्येक आयर्नहि घडीवच असतात; तेव्हां 'घडीव' ह्या शब्दानें भुलून जाण्याचें कारण नाहीं.

आतां मूळ वादाचा उगम दिसूं लागतो. जोपर्यंत सर्वांकडे ब्लेडच होतें, तोपर्यंत ब्लेडला प्रतिष्ठा नव्हती. पोकळ पाठीचें आयर्न आलें, सामान्य खेळाडू त्याकडे वळले, आणि जे थोडे मागें राहिले ते बहुतेक धंदेवाईक आणि कसलेले खेळाडू होते. त्यामुळें ब्लेड ही आपोआप कसलेल्यांची खूण झाली. टायगर वुड्ससारख्या अद्वितीय खेळाडूनें तें वापरलें, तेव्हां त्याचें तेज आणखी वाढलें. मग लोकांनीं कार्यकारणाची उलटापालट केली. निपुण माणसें ब्लेड वापरतात, म्हणून ब्लेड वापरल्यानें माणूस निपुण होतो, असा समज झाला. बोरू पंडिताच्या हातीं असतो, म्हणून बोरू घेतल्यानें कोणी पंडित होत नाहीं. आज धंदेवाईकांतहि पोकळ पाठीचीं आयर्न वापरणारे पुष्कळ आहेत, ही गोष्ट त्या समजाच्या धुंदींत विसरली जाते.

दुसऱ्या बाजूनेंहि एक भूल घातली जाते. नव्या आयर्नवर जो आंकडा असतो, तो जुन्या आंकड्याशीं जुळत नाहीं. जुन्या ब्लेडमध्यें सात क्रमांकाचें मुख सुमारें पस्तीस अंश कललेलें असे; नव्या, लांब पल्ल्याच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या आयर्नमध्यें तेंच तीस अंशांच्या आसपास, कधीं त्याहूनहि कमी असतें. कमी कललेलें मुख चेंडू लांब नेणारच. दुकानांत दोन्ही सात क्रमांकाच्या काठ्या लागोपाठ मारून पाहणाऱ्याला वाटतें, कीं नव्यानें वीस पावलें अधिक दिलीं. वास्तविक त्यानें जुन्या सहा क्रमांकाच्या, क्वचित् पांच क्रमांकाच्याहि काठीनें टोला मारलेला असतो. म्हणून तुलना करावयाची ती अंशांची करावी, आंकड्यांची नव्हे.

मग ब्लेडमध्यें गुण नाहींतच काय? आहेत, आणि ते खोटे नाहींत. चेंडू पात्यावर कोठें लागला तें ब्लेड ताबडतोब हाताला सांगतें. मध्यावर लागला तर जवळजवळ कांहींच जाणवत नाहीं. टाचेकडे किंवा टोंकाकडे लागला तर हाताला झिणझिण्या येतात. अरुंद तळामुळें चेंडू मुद्दाम खालीं ठेवणें, उंच नेणें, डावीकडे वा उजवीकडे वळविणें कसलेल्या हाताला सोपें जातें. मऊ पोलादाचें घडीव पातें जरूर तर थोडें वांकवून खेळाडूच्या उंचीला आणि ढबीला जुळवितां येतें. परंतु 'ब्लेड शिकवितें' ह्या वचनाचा अर्थ नीट घेतला पाहिजे. ब्लेड चूक दाखवितें. ती दुरुस्त कशी करावी तें सांगत नाहीं. गणित चुकलें म्हणून लाल रेघ मारणारा मास्तर आणि तें कसें सोडवावें हें समजावणारा मास्तर ह्यांत जो फरक आहे, तोच येथें आहे. ज्याला आपली चूक समजते आणि जो आठवड्यांतून दोन-तीनदां सराव करूं शकतो, त्याला लाल रेघ उपयोगी पडते. जो महिन्यांतून एकदां मैदानावर येतो, त्याला ती नुसती निराश करते.

तळोज्याच्या कारखान्यांत नोकरी करणाऱ्या गृहस्थापुढें हा प्रश्न केवळ आवडीचा नसतो. चांगल्या आयर्नचा संच बहुधा परदेशांतून येतो, आणि त्याची किंमत मध्यमवर्गीय संसाराला जाणवण्यासारखी असते. एकदां चूक झाली कीं पुढचीं पांच-सात वर्षें तिच्याच संगतींत काढावीं लागतात. किंमत तर जातेच. पण त्याहून मोठी हानि अशी, कीं मोठ्या कष्टानें लागलेली गोडी नाहींशी होते, आणि रविवारची पहांट ज्याच्यासाठीं जपून ठेविली तो खेळच सुटतो. अंथरूण पाहून पाय पसरावे, हें येथें दुहेरी खरें आहे. अंथरूण म्हणजे पैसा, आणि अंथरूण म्हणजे स्वतःचें कसबहि.

हें कसब मोजण्याचा उपाय सोपा आणि जवळजवळ फुकट आहे. पात्याच्या मुखावर खडूची भुकटी किंवा अंगाला लावावयाची पावडर पातळ थरानें लावावी आणि सहा-सात क्रमांकाच्या काठीनें तीस चेंडू मारावे. प्रत्येक चेंडूचा ठसा मुखावर उमटतो. ठसा पाहावा, कागदावर टिंब मांडावें, पुसून पुन्हां मारावें. तीसपैकीं पंचवीसएक टिंबें रुपयाएवढ्या वर्तुळांत आलीं, तर ब्लेडचा विचार करण्यास हरकत नाहीं. टिंबें साऱ्या मुखभर पसरलीं, तर पोकळ पाठीचेंच आयर्न खरा मित्र. ही कसोटी एकदांच करूं नये. ताज्या अंगानें करावी, तशीच अठरा खळगे खेळून दमल्यावरहि करावी. दमलेल्या हाताचा ठसाच खरें बोलतो. खेळाडूला प्रमाणाहून अधिक लागणारे जे टोले, त्यांवरून ठरणारा हँडिकॅप हाहि एक मार्गदर्शक आहे. पण कोणाचा हँडिकॅप हिरवळीवरच्या कौशल्यानें उतरलेला असतो, कोणाचा लांब टोल्यानें. ठसा मात्र फक्त आयर्नविषयींच बोलतो.

ह्या दोन टोंकांच्या मध्यें एक वाट आहे, आणि होतकरू खेळाडूला बहुधा तीच मानवते. आंखूड दांड्याच्या आठ, नऊ आणि त्यापुढील काठ्यांनीं चेंडू मध्यावर लावणें सोपें असतें. लांब दांड्याच्या चार-पांच क्रमांकांनीं तें कठीण. तेव्हां आंखूड काठ्या ब्लेडच्या आणि लांब काठ्या पोकळ पाठीच्या, असा मिश्र संच करावा. कंपन्याहि आतां असे संच विकतात. फक्त दोहोंच्या सांध्यावर अंशांमधलें अंतर तपासून घ्यावें, नाहींतर दोन शेजारच्या काठ्या एकच अंतर देतील आणि पुढें मोठी फट पडेल. ज्याला ब्लेडची केवळ हौस आहे, त्यानें एखादें जुनें, वापरलेलें सात क्रमांकाचें ब्लेड स्वस्तांत मिळवावें आणि तें सरावाच्या जागेवर मारावें. लाल रेघेचा फायदा मिळतो, आणि गुण मोजावयाच्या दिवशीं जोखीम पत्करावी लागत नाहीं. पूर्वीचे खेळाडू काठ्या एक एक पारखून घेत. ती चाल संचाच्या विक्रीनें मागें पडली, पण चुकीची ठरली नव्हती.

कोंकणच्या हवेचाहि विचार करावा. पावसाळ्यांत पनवेलकडची जमीन भिजून मऊ होते. अशा जमिनींत ब्लेडचा अरुंद तळ कुदळीसारखा रुततो. रुंद तळाचें आयर्न घसरून पुढें निघतें. एप्रिल-मे महिन्यांत जमीन कडक झाली कीं प्रकार उलटा होतो. रुंद तळ आपटून उसळतो आणि अरुंद तळ चेंडूखालीं नीट शिरतो. स्कॉटलंडांतल्या समुद्रकांठच्या वाळूमिश्रित, कठीण जमिनीवर हीं अरुंद पातीं जन्मलीं, हें येथें आठवावें. जो वर्षांतले चार महिने चिखलांत खेळतो, त्यानें त्या भूमीचें हत्यार डोळे मिटून उचलूं नये.

शेवटीं दोन माणसांचीं उदाहरणें ह्या वादावर प्रकाश टाकतात. स्पेनमधल्या पेद्रेन्या गांवचा सेव्हेरियानो बॅलेस्टेरोस हा मुलगा थोरल्या भावानें दिलेल्या तीन क्रमांकाच्या एकाच जुन्या आयर्ननें समुद्राच्या वाळूंत तासन् तास खेळला आणि पुढें जगज्जेता झाला. दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून वाढलेला अली शेर १९९१ सालीं इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय धंदेवाईक खेळाडू ठरला, आणि दोन वर्षांनीं त्यानें ती स्पर्धा पुन्हां जिंकली. काठी निवडण्याची चैन ह्या दोघांच्याहि बालपणीं नव्हती. त्यांनीं हाताला आलेलें लोखंड घेतलें आणि हात त्याला जुळविला. ज्याला निवड करतां येते, त्यानें ती जरूर करावी. पण निवड हें सरावाचें काम करणार नाहीं. नाचतां येईना अंगण वांकडें, ही म्हण जशी काठीला दोष देणाऱ्याला लागू, तशीच काठीकडून चमत्काराची अपेक्षा करणाऱ्यालाहि लागू आहे.

सोलहाइमनें काठी बदलली ती स्वतःची उणीव ओळखून. सेंट अँड्र्यूजचा लोहार पातें घडवी तें खेळणाऱ्याचा हात पाहून. होतकरू खेळाडूनें ह्या दोघांपासून घेण्यासारखें एकच आहे: आधीं आपला हात पाहावा, मग पातें पाहावें. तीस ठशांचा कागद हातांत घेऊन जो दुकानांत शिरतो, त्याला कोणी फसवूं शकत नाहीं. आणि त्या कागदानें ब्लेड नको म्हटलें, तर त्यांत कमीपणाहि कांहीं नाहीं.